धारेवरचे गेरूचे दगड

मु. धारवाडी,
१० जून २०२४

ती. केसरअक्काच्या चरणी धाकट्या मोहनचा सा. न. वि. वि.

इकडं सगळी खुशाल हायेत. तिकडची खुशाली कळवावी. फोन लावला की तू तिकडून नुसतं कोण, कोण करतीस आन् मी इकडून वरडून घसा बसवून घेतो. त्यापरीस आपला कागदच बरा. वत्सला म्हणती, अक्काला कमी ऐकू येतं तेच बरंय, न्हाईतर तुमा भावाबहिणीचं बोलणं सरलंच नसतं.

अक्का, कामाचं लिहितो. गेल्या श्रावणात आपल्या मोठ्या धारेवरनं बीडचं एक पोरगं पडलं, ते तुला ठावंच हाय. आतिफ नाव त्याचं. आई जरीना फळाचा गाडा लावती, बाप हैदर गॅरेज चालवतो. फोटू काढता काढता मागं सरकला आन् शेवाळावरनं पाय गेला. मी आन् आपला सालगडी म्हाळू, आमी त्याला बाजंवर घालून वर आणलं. त्याची आई धारेजवळच्या उंबराखाली बसलीती. तिनं कायीच विचारलं न्हाई. तवापासनं धार वाजायला लागली की मी उठून दार लावून घेतो. आपण जिच्या आवाजावर झोपायचो, तिचीच आता भीती वाटती.

गावानं मला धबधबा समितीचा अध्यक्ष केलंय. एक योजना आलीय. काठानं ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत लोखंडी कठडा, सिमेंटचा ओटा, आन् रात्रीला हिरवे-गुलाबी दिवे. त्यासाठी उंबर तोडायचा म्हणतात. गावातली पोरं खूश हायेत. मी एकदा व्हय म्हणतो, एकदा न्हाई म्हणतो. कठडा झाला तर जीव वाचतील, पर धारेचं रूप जाईल. न्हाई झाला तर रूप राहील, आन् पुन्यांदा बाज उचलायची पाळी आली तर मी काय करू? माझं डोकं चालंना झालंय. तू थोरली हायेस. काय करू ते सांग.

लेकरांना आशीर्वाद. माझ्यावरचा लोभ जुनाच असू दे, नवा मागत न्हाई.

तुझा,
मोहन

*

दिंद्रुड,
१८ जून २०२४

चि. मोहन यास केसरअक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पावलं. अध्यक्ष झालास, आनंद झाला. लहानपणी धारेच्या कडंला नेलं की माझा पदर सोडत नव्हतास, तो आता धारेचा अध्यक्ष! वत्सलाला सांग, ह्या अध्यक्षाला रातच्याला दोन चपात्या जास्त वाढत जा.

कठड्याचं वाचून मला आधी रागच आला. धार म्हंजी काय कोंडवाड्यातली म्हैस हाय का, लोखंडात कोंडायला? आन् उंबर तोडणारा कोण हाय, मला नाव सांग. त्या उंबराला आईनं तुझी झोळी बांधलीती. असं सगळं लिहून काढलं. मग त्या पोराची आई डोळ्यापुढं आली आन् ते पत्र फाडलं. दुसरं लिहिलं, की मोहन, कठडा लाव, माणसापुढं देखाव्याचं काय? ते बी फाडलं. सुनंनं विचारलं, आत्याबाई, आज कागदाचं काय वाटोळं चाललंय म्हणून. मला बी कळंना, मोहन. दोन्ही खरंच वाटतं.

शेवटी एक सुचलंय. गेरू घे, तुळशीवृंदावनाला लावतात तोच. काठावर जिथनं जिथनं पाय घसरतो ते दगड गेरूनं रंगव. तांबडं लांबून दिसतं, माणूस आपसूक मागं थांबतं. गेरू मातीचाच, रानाला शोभून दिसंल. धारेचं रूप बिघडायचं न्हाई आन् उंबर बी वाचंल.

ह्याला घाई आणखी एका कारणानं हाय. आपली नात संस्कृती कॉलेजातल्या मैत्रिणींना घेऊन श्रावणात धार बघायला येणार म्हणती. ती कुणाच्या बापाचं ऐकत न्हाई, तिच्या बापाचं तर न्हाईच. एकुलती एक नात हाय माझी. ती यायच्या आत तेवढं रंगवून टाक बाबा.

वत्सलाला आशीर्वाद. पत्राला उशीर लावलास तर लोभ पातळ होईल, ध्यानात ठेव.

तुझी,
केसरअक्का

*

मु. धारवाडी,
२२ जुलै २०२४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. कावून झाला ते वाचशील तर लोभ पातळ करायची न्हाईस.

तू सांगितलं तसं केलं. मी आन् म्हाळूनं काठावरचे अवघड दगड हुडकून गेरू लावला. पावसानं धुऊन जाऊ नये म्हणून मी त्यात जरा तेल घातलं. तिथंच माझी चूक झाली. तेलानं गेरू असा खुलला की दगड शेंदूर फासल्यावानी दिसायला लागले. चार दिसांनी बघतो तर एका दगडापुढं नारळ फोडलेला. मी म्हाळूवर संशय घेतला. त्यानं आईची आण घेतली. दुसऱ्या दिशी उदबत्ती. मग हळदकुंकू. मग तलवाड्याची एक जीप आली, तिच्यातली माणसं पोराचं जावळ काढायला आलीती!

आता नाव बी पडलंय. धारोबा. कुणी ठेवलं ते कुणालाच ठावं न्हाई. एकानं मोबाईलवर टाकलं, की धारोबा जागृत हाय, तवापासनं गर्दी दुप्पट झालीय. आधी दहा-पाच टवाळ पोरं काठावर जायची. आता काखंत लेकरं घेऊन बायका जात्यात. ज्या दगडावर पाय ठिवू नये म्हणून मी रंग दिला, नेमकं त्याच दगडावर डोकं टेकायला जात्यात. वर तेल वाहत्यात. परवा एक म्हातारी त्या तेलावरनं घसरली. म्हाळूनं दंड धरला म्हणून वाचली. उठल्यावर तिनं धारोबानं वाचवलं म्हणून अकरा रुपये वाहिले. म्हाळूला कायीच न्हाई.

मी घसा फोडून सांगितलं, की बाबांनो, हा गेरू हाय, आमच्या न्हाणीतल्या बादलीत मी कालवलाय. त्यावर एक जण माझ्याच पाया पडला. देवानं तुमच्याकडून करून घेतलं म्हणला. मी घासून काढतो म्हणलं तर चार जण काठ्या घेऊन उभे राहिले. घरी आलो तर वत्सलानं धारोबाचा शनिवार धरलेला. तिनं माझ्यासंगं बादली धुतलीती, अक्का! मी विचारलं तर म्हणली, बादली आपली हाय, पर देव आपला थोडाच हाय?

आता मलाच कळंना झालंय. काल एकटाच तिकडनं येत व्हतो तर माझे बी हात आपोआप जोडले गेले. मग माझीच मला लाज वाटली. संस्कृतीला तेवढी धाडू नको. आधी होतं त्यापरीस मी अवघड करून ठिवलंय. कुणी पडलं तर ती बाज मी कुठल्या तोंडानं उचलू?

लोभ असावा म्हणायची हिंमत न्हाई, राग नसावा एवढंच.

तुझा,
मोहन

*

दिंद्रुड,
३० जुलै २०२४

चि. मोहन यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचून मी एवढी हसले की सुनंनं पाणी आणून दिलं. जावळापर्यंत हसले. म्हातारीचं वाचलं आन् कागद पालथा ठिवला. मोहन, सल्ला माझा व्हता. कुणी पडलं तर निम्मं पाप माझं. आन् अध्यक्षमहाराज, गेरूत तेल घालायला मी सांगितलं व्हतं का?

आता ऐक. लोकांशी भांडू नको. देव झाला तो झाला. पर आपल्याकडं देव जागचा हलतो, हे इसरलास का? माळावरचा खंडोबा न्हाई का, म्हातारीला टेकडी चढवंना म्हणून तिच्या मागं खाली आला? खालची घुमटी ती कशाची हाय मग? म्हंजी देवाला खाली यायची सवय हायच.

तू असं कर. उंबराखाली, काठापासनं चांगलं आत, दगडांची एक रांग मांड. त्यांना गेरू लाव. तेल घालून. पावसाची झड लागली आन् माणूस फिरकंनासं झालं की काठावरचे दगड वाळूनं घासून काढ. मग गप बस. तोंडातनं खोटं एक अक्षर काढू नको, मला खोटं चालायचं न्हाई. तू नुसता गप बस. बाकीचं लोक बोलतील.

संस्कृतीला किती सांगितलं. ती म्हणती, धारोबा बघायला तर यायलाच पायजे, आजी. म्हंजी माझ्याच गेरूनं माझी नात काठावर ओढली. काल देवापुढं दिवा लावताना धारोबाला बी हात जोडले. म्हणलं, बाबा, तू हायेस का न्हाईस मला ठावं न्हाई, पर पोरीला मागंच थांबव. तू हसू नकोस.

जपून घास. काठावर जाताना कमरंला दोर बांध. तू पडलास तर लोभ कुणावर करू?

तुझी,
केसरअक्का

*

मु. धारवाडी,
२७ ऑगस्ट २०२४

ती. अक्काच्या चरणी सा. न. वि. वि.

तुझं म्हणणं खरं झालं. चांगली झड लागली तवा मी आन् म्हाळूनं कमरंला दोर बांधून काठ घासला. उंबराखाली रांग मांडली, रांग आन् काठाच्या मधनं दगडाचा कमरंएवढा बांध घातला. सिमेंट न्हाई, नुसते दगडावर दगड. मग मी गप बसलो. ऊन पडल्यावर लोक आले, आन् मग ज्यानं त्यानं आपापलं सांगितलं. कुणी म्हणलं धारोबा रुसला, कुणी म्हणलं लेकराबाळांसाठी मागं आला. वत्सला सगळ्यांना सांगती, की दिंद्रुडच्या केसरअक्कांना काठापर्यंत चालवंना म्हणून देव उठून आला. मी काय बोललो न्हाई. खोटं बोललो का न्हाई तेवढं मात्र मला सांग.

कठड्यावाले साहेब आले ते बूट काढूनच उभे राहिले. देवापुढं सिमेंट नको, उंबर बी राहू द्या म्हणले. आता रांगेच्या पुढं कुणी जात न्हाई. उंबराखालनं सगळी धार दिसती, वरपासनं खालच्या डोहापर्यंत.

अक्का, आठ-दहा दिसांमागं आतिफची आई आलती. वरीस झालं त्याला. संगं हैदर व्हता. जरीना रांगेपुढं उभी राहिली आन् तिनं मला विचारलं, मोहनराव, हा रंग लोकांनी थांबावं म्हणून लावलाय ना? एवढे दीस झाले, एवढी माणसं आली, पर हा रंग हाय असं म्हणणारी ती पहिलीच. मी व्हय म्हणलं. मग ती म्हणली, तर मग गेल्या साली कावून लावला न्हाई?

हैदर तिला चल चल म्हणत व्हता. ती हलंना. मी शेवटी म्हणलं, बहेन, सुचलं न्हाई. एवढंच म्हणलं. खरं तेवढंच व्हतं.

ती रडली, मी बी रडलो. मग तिनं उंबराच्या डाव्या अंगाची फट दावली. तिथं बांध पुरला नव्हता, एक थोराड दगड नुसताच पडलेला. माझं पोरगं ह्याच वाटंनं गेलतं, ह्याला रंग कावून न्हाई, असं तिनं विचारलं. गेरू सरलाता. तवा हैदरनं गाडीतनं डबा आणला, गॅरेजातला, कुठल्याशा ट्रकाचा उरलेला हिरवा रंग. दुसरा नव्हता. जरीनानं खाली बसून आपल्या हातानं दगड रंगवला.

पुढचं तुला कळलंच असंल. दुसऱ्या दिशी त्यावर चादर, उदबत्ती, गुलाब! पीर म्हणत्यात. धारोबाचे लोक पीराला हात जोडत्यात, पीराचे लोक उंबराखाली सावलीला बसत्यात, आन् मला दोन्हीकडनं विचारत्यात. मी जरीनाला निरोप धाडला, की असं असं झालंय, पुसून टाकू का? ती सोता आली. टेंपोत गाडा घालूनच आली, पेरू घेऊन. लोकांना सांगणारच व्हती, हा पीर न्हाई, माझा आतिफ हाय म्हणून. तेवढ्यात एक बारकं पोरगं धारंकडं पळालं. त्याच्या आईनं हिरव्या दगडापाशी त्याला धरलं, कान पिळला, म्हणली, ह्याच्या पुढं जायचं न्हाई, ह्यो बघतोय. जरीनानं त्या पोराच्या हातात एक पेरू दिला. मग मला म्हणली, राहू द्या भाई. उभा राहू द्या त्याला तिथं. घरी कधी एका जागी उभा राहिला न्हाई.

संस्कृती काल येऊन गेली. तिला कुणी कायी सांगितलं न्हाई, सोताच थांबली. तिनं जरीनाचे पेरू घेतले, दोन्हीकडं हात जोडले, आन् मग मला बाजूला घेऊन विचारलं, आजोबा, ह्यातला खरा कोणता? मी तिला म्हणलं, तुझ्या आजीला विचारून कळवतो.

तर कळव.

तुझा,
मोहन

*

दिंद्रुड,
४ सप्टेंबर २०२४

चि. मोहन यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

संस्कृती सुखरूप आली. तिनं आणलेला फोटू बघितला. पाठीमागं सगळी धार हाय आन् पुढं माझी नात हाय. अजून मला काय पायजे?

खोटं बोललास का, ते मला ठरवता येईना. त्या माउलीपुढं खरं बोललास, ते बास झालं.

खरा कोणता म्हणून मला इचारू नको. मला ठावं असतं तर गेरूपासनं हे सगळं झालं असतं का? गौरी झाल्या की मी येते. खण-नारळ आणते. हिरव्या दगडापुढं ठिवलेला चालतो का न्हाई ते तुला कळायचं न्हाई, मला बी कळत न्हाई. जरीनालाच विचारीन. ती म्हणली आतिफला पेरू आवडायचा, तर पेरू ठिवीन.

एक काम मात्र इसरू नको. दरसाल मिरगाच्या आधी सगळ्या दगडांना नवा रंग दे. तांबड्यांना तांबडा आन् त्याला हिरवा. हैदरकडनं डबा आताच आणून ठिव. पुढच्या साली सुचलं न्हाई म्हणायची पाळी आपल्यावर यायला नको.

काठापासनं लांब आन् माझ्यापासनं जवळ, एवढा लोभ असू दे.

तुझी,
केसरअक्का