कोट दिला, कोट घेतला

४ मार्च, सोमवार

छद्मी म्हणजे आत एक, बाहेर एक. लेकीनं सांगितलं. तीन दिवस छळत होता हा शब्द. कादंबरीतला काळ्या चष्म्याचा वकील दर दोन पानांनी छद्मी हसतो आणि मी आपली समजत होते, बिचाऱ्याचे पुढचे दात पडलेत!

वहीत लिहिला. एकशे सव्विसावा.

सातवीत शाळा सुटली तेव्हा वाटलं होतं, आता शब्दांशी आपला संबंध संपला. लागतात किती? दे, घे, उचल, वाळलं का, चार शब्दांत दिवस जातो. मग रद्दीच्या दुकानात ही पुस्तकं दिसली. मुखपृष्ठावर पिस्तूल नाहीतर बाई, बहुतेक वेळा दोन्ही. आता हे म्हणतात, “या वयात खुनाची पुस्तकं? माझ्या जिवाला धोका दिसतोय.” मी म्हटलं, शब्दांसाठी वाचते. “मग शब्दकोश वाच की.” वाचून पाहिला होता. पुढच्या पानावर काय होणार याची काही धाकधूकच नाही त्यात.

६ मार्च, बुधवार

यांना म्हटलं, आज तुमचा चेहरा फार निर्विकार आहे. गालावरून हात फिरवत म्हणाले, “उद्या करतो दाढी.”

९ मार्च, शनिवार

लॉन्ड्रीतल्या मोठ्या बाईंनी आज आम्हा कामगारांना गोळा केलं. लॉन्ड्रीची नोंदवही सांभाळायला आमच्यातलंच कुणीतरी घेणार. काय आलं, काय गेलं, काय फाटलं, ते लिहायचं. बसून! “पण ज्याला चार ओळी धड लिहिता येतील त्यालाच,” म्हणाल्या. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मी जमिनीकडे बघत होते, पण मनात उकळ्या फुटत होत्या.

अकरा वर्षं झाली हॉटेलच्या तळघरात उभी राहून. गुडघे आता जिना चढताना बोलतात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, उभं राहणं कमी करा. जणू मी हौसेनंच उभी असते.

माझं काम कपाटाच्या घरांत कपडे लावायचं, खोलीच्या नंबराप्रमाणे. मास्तर पलीकडे इस्त्री करतात. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. कॉलरला एक चुणी राहिली तर पुन्हा पाणी मारतात, म्हणून मास्तर. मधे वाफ एवढी की एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. म्हणून आमचा कारभार आवाजावर चालतो. कपडा मधल्या दांडीला अडकवून ते ओरडतात, “दिला!” मी ओरडते, “घेतला!” घेतला म्हटलं की कपडा माझा, त्याचं बरंवाईट माझ्या डोक्यावर. बावीस वर्षं ते हेच करतायत.

ती खुर्ची मला हवीय. इथं खोटं कशाला लिहू? फार हवीय.

११ मार्च, सोमवार

घड्या घालणाऱ्या पोरीला काढलं. कामावर मोबाईल बघत होती. मोबाईल असो की पुस्तक, दिसलं की त्याच दिवशी घरी, असा नियमच आहे. वाईट वाटलं. मी जरा जपून राहायला हवं. कपाटामागं उभं राहिलं की कुणाला दिसत नाही म्हणा.

१२ मार्च, मंगळवार

तीनशे आठ नंबरच्या पाहुण्यांचा राखाडी कोट सापडत नाही. संध्याकाळपर्यंत सगळी लॉन्ड्री पालथी घातली. मास्तर म्हणाले, दिला. मी काहीच म्हणाले नाही. मोठ्या बाई मला म्हणाल्या, “तुम्ही तिथं होता. काय झालं ते लिहून द्या. तुमची परीक्षाही होईल.”

काय सुचत होतं! हात थांबेना. नक्कल उतरवून ठेवतेय, कारण असं मी जन्मात लिहिलं नव्हतं —

“दुपारच्या सुमारास वाफेच्या दाट पडद्याआड मास्तर काहीसे कावरेबावरे भासले. त्यांनी माझी नजर चुकवली. क्षणभराच्या गूढ शांततेनंतर संदिग्ध स्वरात ‘दिला’ असे ते पुटपुटले. त्यानंतर कोट कोणाच्याही दृष्टीस पडला नाही.”

गूढ शांतता! माझ्या हातून! यांना वाचून दाखवलं. “कोट गेला म्हणतेस की माणूस मेला?” म्हणाले. जळतात.

१३ मार्च, बुधवार

मोठ्या बाईंनी हॉटेलच्या साहेबांसमोर मोठ्यानं वाचलं. “अंगावर काटा आला हो,” म्हणाल्या. साहेबांनी विचारलं, शिक्षण किती? सातवी म्हटलं तर खरं वाटेना त्यांना.

मास्तरांना घरी बसवलंय, चौकशी होईपर्यंत. इस्त्रीवर नवा माणूस आहे. “दिला” म्हणायचंच विसरतो.

१५ मार्च, शुक्रवार

लेकीला सगळं सांगितलं. ती हसली. म्हणाली, “आई, तुझ्या पुस्तकांत जो पहिल्यांदा कावराबावरा होतो, त्यानं काहीच केलेलं नसतं.”

खरंच की काय ते बघायला नऊ पुस्तकं काढली. माळी, ड्रायव्हर, पुतण्या, पुन्हा माळी. पोरीचं बरोबर आहे. नवांतल्या आठांत तो निर्दोष. कुतूहल म्हणून बघायला गेले आणि मेली झोपच गेली. पुस्तकात त्या माळ्याला सोडवायला शेवटी कुणीतरी हुशार माणूस येतो. आमच्याकडे कोण येणार? साहेब? त्यांना स्वतःची किल्ली सापडत नाही.

१७ मार्च, रविवार

आज एकही शब्द नाही.

१८ मार्च, सोमवार

माझी ती नक्कल परत वाचली. एकेक शब्द धरून बघितला, कुठून आला ते. ‘कावरेबावरे’ धरणावरच्या खुनाच्या पुस्तकातला. ‘गूढ शांतता’ जुळ्या बहिणींच्या पुस्तकातली. ‘संदिग्ध स्वरात’ त्या वकिलाचा. ‘पुटपुटले’ तर प्रत्येकच पुस्तकात आहे. मास्तरांचं त्यात काय आहे? नाव तेवढं.

मास्तर पुटपुटत नाहीत. भोंग्यासारखा आवाज आहे त्यांचा.

आणि नजर चुकवली! माझी नजर होती कुठं, त्यांनी चुकवायला? एकोणिसाव्या प्रकरणात होती. तिजोरी उघडायची वेळ आली होती. त्यांनी “दिला” म्हटलं आणि पानावरून डोकं न उचलता मी “घेतला” म्हटलं. पान उलटलं, अजून एक उलटलं. मग दांडीकडे गेले तर कोट नव्हता. तेव्हा मला वाटलं, लावला असेल मीच. अकरा वर्षांत हात आपोआप लावतात. मग वाटलं, लावला नसेल. मग मोठ्या बाईंनी लिहायला कागद दिला.

खोटं एकही वाक्य लिहिलं नाही अशी मी स्वतःची समजूत घालत होते. “घेतला” तेवढं लिहिलं नाही. वा गं वा, सातवी पास.

हे आजपर्यंत इथंसुद्धा लिहिलं नव्हतं. लाज वाटते.

२० मार्च, बुधवार

जागा मला! पहिल्या तारखेपासून. मोठ्या बाईंनी खुर्चीवर बसवून दाखवलं. मागं टेकायला गादी आहे, पाय ठेवायला फळी आहे. गुडघ्यांना काय बरं वाटलं म्हणून सांगू. पाच मिनिटं कुणी काही बोललं नसतं तर मला तिथंच डुलकी लागली असती.

“शुक्रवारी मास्तरांची चौकशी आहे,” म्हणाल्या. “तुम्ही जे लिहिलंय तेच तोंडी सांगा. मग तो विषय संपला.”

२१ मार्च, गुरुवार

सुटले तेव्हा मास्तर फाटकाशी उभे होते. आत सोडत नाहीत त्यांना. शर्ट नेहमीसारखा कडक, एक चुणी नाही. मला वाटलं, आता चार लोकांत बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं.

“ताई, तुमचं वाचन आहे म्हणून विचारतो. संदिग्ध म्हणजे काय हो?”

म्हणाले, साहेबांनी कागद वाचला आणि विचारलं, हे खरं का? “मला शब्द कळला नाही. एवढ्या लोकांत विचारायची लाज वाटली. मी आपली मान हलवली.”

मी म्हटलं, म्हणजे... स्पष्ट नाही असं.

त्यावर म्हणाले, “पण मी तर स्पष्ट बोललो होतो. तुम्ही घेतला म्हणालात ना, म्हणजे तुम्हाला ऐकू आलं असणार.” त्यात आरोप नव्हता. खरंच त्यांना कोडं पडलं होतं. मग म्हणाले, घरी बसून पाय जड झालेत, दिवसभर उभं राहायची सवय.

त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच असेल. दमलेला माणूस, डाव्या कानापाशी भाजल्याची जुनी खूण. वर्णन करायला वहीतला एकही शब्द लागला नाही.

घरी यांना सांगितलं सगळं. यांनी पहिल्यांदाच विनोद केला नाही. मग म्हणाले, “गुडघे तुझे आहेत. मी काही सांगणार नाही.”

२२ मार्च, शुक्रवार

साहेबांनी विचारलं, कोट देताना मास्तर कसे दिसत होते? म्हटलं, मला दिसलेच नाहीत. मी कपाटामागं कादंबरी वाचत होते. ते दिला म्हणाले, मी घेतला म्हणाले. लिहूनही दिलं, तीन ओळी, आणि साहेबांना ते मास्तरांसमोर मोठ्यानं वाचायला लावलं. मास्तरांना एकही शब्द विचारावा लागला नाही.

कोट कुठं गेला ते अजून कुणालाच माहीत नाही. मास्तर उद्यापासून कामावर. मी नाही.