लिफ्टचा फोन बाहेर गेला

३ मार्च, मंगळवार

आज साहेबांना फोन फेकून मारला. नेम चुकला. मागची काच फुटली — डोकं फुटायला हवं होतं!

लिफ्ट अडकल्याचे फोन घ्यायचं माझं काम बाहेरच्या कंपनीला देणार म्हणे. "आपलं काम लिफ्ट बसवणं. फोन काय, कुणीही उचलेल. तेही निम्म्या खर्चात." कुणीही! अठरा वर्षं या खुर्चीत हाडं झिजवली. घरी येऊन ताट भिंतीवर आपटलं. तुकडे ह्यांनी गोळा केले.

४ मार्च

काढलं नाही. साहेब उलट गोडीत आले. "फोन आल्यापासून मेकॅनिक परत येईपर्यंत काय काय करता, पायरी-पायरीने लिहून द्या. मग तुम्ही मोकळ्या." म्हणजे माझा गळा कापायच्या सुरीला धारही मीच लावायची.

१२ मार्च

एकेचाळीस पायऱ्या लिहिल्या. एक गाळली.

इमारतीच्या वॉचमनला फोन करायचा. मेन स्विच बंद कर, तिथेच उभा राहा, असं सांगायचं. तो "बंद" म्हणाला की मगच मेकॅनिकला कामाला लागायला सांगायचं — सुरू कर. हे कुठल्याच कागदावर नाही, फक्त माझ्या डोक्यात आहे. आपटू देत तोंडावर! चार दिवसांत नाक घासत येतील.

रागाच्या भरात नाही. थंड डोक्याने गाळली.

१ एप्रिल

शेवटचा दिवस. लंब्या मेकॅनिक भेटायला आला. "ताई, तुम्ही सुरू कर म्हणालात की मी डोळे मिटून यंत्रात हात घालतो. आता कसं व्हायचं?" सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

६ एप्रिल

अजून कुणाचा फोन नाही.

९ एप्रिल

लंब्याचा उजवा हात गेला. कोपरापासून.

फोनवरचा नवा माणूस म्हणाला, "सुरू करा." लंब्याला वाटलं स्विच बंद आहे. इतकी वर्षं त्या शब्दांचा अर्थ तोच होता ना! वरच्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं.

हॉस्पिटलात त्याची बायको माझ्या गळ्यात पडली. "ताई, तुम्ही असता तर हे झालंच नसतं." मी तिची पाठ थोपटत राहिले. घरी येऊन बाथरूमच्या भिंतीवर कपाळ आपटलं, रक्त येईपर्यंत. ह्यांना म्हटलं, पाय घसरला.

२२ एप्रिल

साहेब घरी आले. बाहेरचा करार मोडला. "जिवाशी खेळ असलेलं काम बाहेर द्यायचं नसतं, मी पहिल्यापासून म्हणत होतो!" आणि माझ्या पायऱ्या? "त्यांच्या माणसाने नीट वाचल्याच नसणार. हाकललं त्याला." त्यांचा गळा दाबावासा वाटला. मग माझा. सोमवारपासून येते म्हटलं.

४ मे

लंब्याला बसून करायचं काम दिलंय. उद्यापासून माझ्या शेजारच्या खुर्चीत. फोन कसा घ्यायचा ते त्याला मी शिकवायचंय.