फाटकापर्यंतची रेंज

३ तारीख, सोमवार

एवढं शिकून तू नक्की काम काय करणार, असं मी निघताना आईने विचारलं. घरातली पहिली पदवीधर मी. एका काकूंचे घरचे जुने व्हिडिओ एका डब्यात साठवलेले आहेत, ते प्रत्येक खोलीतल्या टीव्हीवर वायरशिवाय, न अडकता दिसायला हवेत, असं मी समजावलं. आई म्हणाली, म्हणजे टीव्ही दुरुस्त करणार. धाकटी बहीण इतकी हसली की तिला ठसका लागला.

घर छान आहे. काकू एकट्याच राहतात. मला वरची खोली दिलीय, धुतलेली चादर, रस्त्याकडे खिडकी, समोर फाटक. माझ्या खोलीतही टीव्ही आहे, स्वयंपाकघरात ओट्याच्या वरसुद्धा. सगळ्यांवर त्यांची लेक दिसते. तिला ताई म्हण, असं काकूंनी सांगितलं. भाजी चिरणारी ताई, केस विंचरणारी ताई, जिन्यात बसून वाचणारी ताई. ती गेली, एवढंच काकू बोलल्या. चित्र मध्येच थांबतं, ते गोल चक्र फिरत राहतं आणि ताई तोंडाशी नेलेला घास तसाच धरून बसते. काकूंना ते बघवत नाही. कुणाची आठवण न अडखळता चालावी म्हणून माझं शिक्षण उपयोगी पडणार. याहून चांगलं पहिलं काम कुठलं असतं?

५ तारीख, बुधवार

डबा जिन्याखालच्या कपाटात आहे. आत दोन डिस्क, दोन्हींवर तेच, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी असते. राउटर मात्र चक्क फ्रिजच्या मागे कोंबलेला! शेजारीच मायक्रोवेव्ह, तो लावला की वायफाय अडखळणारच. तो काढून पॅसेजमध्ये उंचावर लावला, वरच्या मजल्यासाठी वायफाय पुढे पोचवणारा रिपीटर बसवला. टीव्ही पुढचं थोडं चित्र आधीच आणून ठेवतो, त्यामुळे वायफाय क्षणभर गेलं तरी तेवढं चालत राहतं. हे काकूंना सांगताना, नळ जायच्या आधी आपण बादली भरून ठेवतो ना, तसंच, असं म्हणाले. काकू म्हणाल्या, हुशार आहेस गं, अगदी ताईसारखी.

शेवटी चाचणी. त्यासाठी मी नेहमी माझाच छोटा व्हिडिओ काढते, ओठ आणि आवाज जुळतात का ते लगेच कळतं. नंतर घरीही पाठवता येईल म्हणून बोलले, आई, मी मजेत आहे. घर सुंदर आहे. धाकटे, तूही ये बघायला. तो डब्यात टाकला आणि सगळ्या खोल्यांत एकदम लावला. कुठेही अडकला नाही! मग पुसायला गेले, तर काकूंनी हात धरला. राहू दे की, घर भरल्यासारखं वाटतं, म्हणाल्या.

राहू दिला.

८ तारीख, शनिवार

काम संपलंय, पण काकू सोडत नाहीत. दोन दिवस विश्रांती घे, इतकी कसली घाई.

आज एक गंमत झाली. चहा गाळायला घेतला आणि बघते तो चहा गार, वर साय धरलेली, माझ्या हातात गाळणी तशीच. उभ्याउभ्या डुलकी लागली असणार. काकू समोरच बसल्या होत्या. म्हणाल्या, अडकलीस होय? मायक्रोवेव्ह लावला की होतं असं. मी हसले. त्या हसल्या नाहीत, उठून मायक्रोवेव्ह बंद केला.

११ तारीख, मंगळवार

सकाळी बॅग घेऊन निघाले. फाटकाच्या कडीला हात लावला.

आणि संध्याकाळ झाली होती. काकू माझा हात कडीवरून सोडवत होत्या. मला काहीच आठवत नाही. उन्हाने तोंड भाजलंय, दोन्ही पाय सुजलेत. काकू रागावल्या नाहीत. वेडी कुठली, म्हणाल्या, तिथवर रेंज पोचत नाही. तूच तर बसवलंस ना सगळं?

१२ तारीख, बुधवार

आईला फोन केला. सगळं सांगितलं, रडले. आई म्हणाली, बरं वाटलं बाई, मजेत आहेस ते. मी ओरडले, आई, मला इथून घेऊन जा. आई म्हणाली, हो गं हो, पाठवते धाकटीला, किती वेळा तेच तेच सांगशील? रविवारी येतेय ती.

मजेत आहे, असं मी बोललेच नव्हते. ते त्या व्हिडिओत —

परत फोन लावला. परत तेच.

१३ तारीख, गुरुवार

वायफायला काय काय जोडलंय, ती यादी उघडली. हॉल, स्वयंपाकघर, वरची खोली. त्याखाली माझं नाव. मी ते दिलेलं नाही.

मग ताईचा सगळ्यात जुना व्हिडिओ शोधला. कानामागे स्क्रूड्रायव्हर खोचलेला. कॅमेऱ्यात बघून विचारते, काकू, दिसतंय का नीट?

ती त्यांना काकू म्हणते. आई नाही.

१४ तारीख, शुक्रवार

काकूंनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, ताईही कामालाच आली होती. गुणी पोर. तिचे व्हिडिओ जुने झाले, आता पडद्यापुरतीच उरलीय. तुला अजून घरभर फिरता येतंय, हे काय कमी आहे?

मग विचारलं, धाकटीलाही यातलं येतं का गं? फाटकापाशी रेंज नाही, तेवढं करून देईल. एक चाचणी घेतली की —

मी कान झाकले. पुढचं आठवत नाही. उठले तेव्हा दुपार उलटली होती.

१५ तारीख, शनिवार

फक्त माझा व्हिडिओ पुसला तर डबा राहतो. डबा राहिला तर धाकटी —

सगळंच जायला हवं. मीही. दुसरं काही सुचत नाही.

१६ तारीख, रविवार

काकू आंघोळीला गेल्या. दोन्ही डिस्क काढल्या. हातोडीने फोडल्या. डबाही. झालं.

हॉलचा पडदा काळा. स्वयंपाकघराचा काळा. माझ्या खोलीत ताई अजून आहे — केस विंचरता विंचरता थांबली, माझ्याकडे बघून मान हलवली — गेली.

मी अजून लिहितेय. म्हणजे आधी भरून ठेवलेलं थोडं उरलंय. बादलीतलं.

फाटक वाजलं. धाकटी आली. खिडकीतून ओरडले, आत येऊ नको, मागे फीर. माझेच शब्द निघाले — माझेच —

तिने कडीवरचा हात काढला. रस्त्यावर मागे सरली. वर बघून विचारतेय, ताई, काय झालं? ताई, तू अशी का