सतरा नंबरचं घड्याळ

५ जानेवारी १९८७
आजपासून नोकरी! अंधेरीत, कोळंबी गोठवून परदेशी पाठवणाऱ्या कारखान्यात. मी प्रोग्रॅमर. मावशीने कांदिवलीहून निघताना डब्यात बटाट्याची भाजी दिली. म्हणाली, मासे तिथे पोटभर बघशील. कॉम्प्युटरच्या खोलीत एसी आहे, चपला बाहेर काढायच्या.

मॅनेजर श्यामसुंदर साहेबांनी लगेच काम दिलं. शीतघरात उणे वीस. आत कोणी पडलं तर बाहेर कळायला हवं. म्हणून आत दाराशेजारी प्रत्येक बाईच्या नंबरचं बटण आणि दिवा. ती बाहेर आपला नंबर लावून आत गेली की प्रोग्रॅममधलं तिचं दहा मिनिटांचं घड्याळ सुरू. बटण दाबलं की ते पुन्हा पहिल्यापासून. दहा मिनिटांत दाबलं नाही, तर ऑफिसात घंटा.

१४ जानेवारी
चाललं! बायकांनी मला तिळगूळ दिला. खारदांड्याच्या सोनूबाई, नंबर सतरा, पडद्यावर आपला आकडा बघून म्हणाल्या, "बाय, ह्यो मशीन मना इसरनार नाय ना?" मी म्हटलं, अजिबात नाही.

२१ जानेवारी
हातमोज्यांमुळे बायका दाबायला विसरतात. दिवसात अकरा वेळा खोटी घंटा. साहेब म्हणाले, हे बंद कर नाहीतर मशीनच बंद करतो. एका ओळीचा बदल केला: कोणीही बटण दाबलं की सगळ्यांचीच घड्याळं पहिल्यापासून. दिवसभर शांतता. साहेब खूश.

२९ जानेवारी
सोनूबाई गेल्या.

मागच्या रांगेत पाय घसरून पडल्या होत्या. पुढच्या बायका आपापली बटणं दाबत राहिल्या आणि सोनूबाईंचं घड्याळ दर वेळी पहिल्यापासून सुरू होत राहिलं. जेवणाच्या सुट्टीत त्या दिसेनात तेव्हा शोधलं. तास झाला होता.

३० जानेवारी
सगळे म्हणतात, हृदय बंद पडलं. मी ती ओळ काढून टाकली. प्रत्येकीचं घड्याळ पुन्हा वेगळं. कोणाला सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी
त्यांच्या जागी त्यांच्या मुलीला घेतलं. जया, एकोणीस वर्षांची. नंबर तोच, सतरा. तिने मला वाकून नमस्कार केला. मी पाय मागे घेतले.

१२ फेब्रुवारी
जया आज आलीच नाही. पडद्यावर सतरा आत आहे. दर नऊ मिनिटांनी घड्याळ पहिल्यापासून.

वायर तपासली. ठीक. प्रोग्रॅम तीनदा वाचला. ठीक. नंबर मी स्वतः बंद केला. तो आपोआप पुन्हा उघडला.

१७ फेब्रुवारी
जया अर्धा तास आत, मागच्या रांगेत. बाहेर आल्यावर विचारलं. एकदाही दाबलं नाही म्हणाली, विसरली. पडद्यावर मात्र तीन वेळा दाबलेलं. म्हणजे ती पडली असती तरी घंटा —

माझ्याच्याने लिहवत नाही.

२० फेब्रुवारी
जयाला सांगितलं. सगळं. ती ओळसुद्धा. ती रडली नाही. पडद्यावरच्या सतराकडे बोट दाखवून म्हणाली, "आत जाऊन बघ ना, कोण दाबतंय ते."

२२ फेब्रुवारी, रविवार
कारखाना बंद. दुपारचे दोन. जया बाहेर पडद्यासमोर. मी सतरा नंबर लावून आत. बटण दाबणार नाही. तिला सांगितलंय, घंटा वाजली की दार उघड, त्याआधी उघडू नको. वेळा टिपायला वही, पेन्सिल.

२.०९ — सतराचा दिवा लागला. दाराशी कोणी नाही.

२.१८ — पुन्हा. मी बघत होते. बटण आत गेलं, बोट नाही.

एरवी आतून उघडणारी दाराची कडी आता हलत नाही. हाक मारली. दार जाड.

२.२७ — सोनूबाई, माझं चुकलं. म्हटलं मोठ्याने. तीनदा.

२.३६ — बटणावर हात आडवा धरला, ते आत जाऊ नये म्हणून. माझ्या हातावर आणखी कोणाचा तरी हात —

ओला. थंड.

जयाला वाटत असेल मीच दाबतेय. म्हणजे मी ठीक आहे, असंच. घंटा वाजायला एकदा तरी दाबणं थांबायला —

२.४५ — बोटं —

२.५४ — पुन्हा ला