ओवाळणीचा टेम्पो

दि. १८ मार्च २०२५

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
गिरणसखा नागरी सहकारी बँक,
लालबाग शाखा, मुंबई.

विषय : डंकाच्या कर्जाचा फेरविचार होणेबाबत व अर्जदाराच्या नावावरील टेम्पो उचलून नेणेबाबत.
संदर्भ : कर्ज नामंजुरीचे आपले दि. ११ मार्चचे पत्र.

महोदय,

१. अर्जदार दर्शना विनीत पालव ही लालबागला दुसऱ्याच्या मसाला कांडायच्या डंकावर मिरच्यांचे देठ खुडते. घरी येऊन चार-चारदा हात धुतले तरी तिखट जात नाही, दीड वर्षाच्या लेकीला, पूर्वीला, घेता येत नाही. लेकरू हात पसरतं आणि अर्जदार मागे सरकते. चाळीच्या तळमजल्यावर गाळा मिळतो आहे. तिथे स्वतःचा विजेवरचा डंक बसला, तर देठ खुडणे सुटेल आणि पूर्वी हाकेच्या अंतरावर राहील, म्हणून कर्ज मागितले. मसाल्याचा मोसम तोंडावर आला आहे. गाळेवाला पाडव्यापर्यंतच थांबणार आहे.

२. आपण कळवता की अर्जदाराच्या नावावर वडाळा शाखेचे वाहनकर्ज असून तीन हप्ते थकले आहेत. हे वाचून अर्जदार आधी हसली, कारण तिला सायकलही येत नाही. मग आठवले.

३. गेल्या भाऊबीजेला धाकटा भाऊ अभय याने ओवाळणीच्या ताटात टेम्पोची चावी ठेवली. "ताई, गाडी तुझ्या नावावर. चालवीन मी, लक्ष्मी तुझी. ही फक्त पोच, सही कर." सह्या नऊ होत्या. अर्जदार कागद वाचू लागली, तशी आई हसून म्हणाली, "अगो, भावाची ओवाळणी कोण वाचून घेता?" अर्जदाराने वाचले नाही. बँकेचा फोन आला, तेव्हाही अभयने मान हलवली तशी ती "हो, हो" म्हणत गेली. चूक तिचीच.

४. आपले पत्र घेऊन ती त्याच्याकडे गेली. तो म्हणाला, "नाव तुझं, तर कर्ज पण तुझंच ना? वाचता येतं ना तुला?" साहेब, हप्त्यांचं एवढं लागलं नाही. ज्याला मांडीवर घेऊन तिने बाराखडी गिरवून घेतली, त्याने हे विचारावे?

५. वडाळा शाखा म्हणते, भावाविरुद्ध पोलिसांत तक्रार द्या, नाहीतर गाडीच्या कमाईतून हप्ते भरा. कमाई अर्जदाराने पाहिलेली नाही. परवा वसुलीचे गृहस्थ घरी येऊन पलंगाखाली डोकावले आणि विचारते झाले, "बाई, टेम्पो कुठे लपवलात?" दहा बाय बाराच्या खोलीत पाळणा टांगायला जागा नाही, तिथे टेम्पो!

६. तरी विनंती की, गाडी उचलून विकावी. उरेल ते अर्जदार डंकावर कमावून फेडील, एकही हप्ता चुकवणार नाही. त्यासाठी डंकाचा अर्ज पुन्हा विचारात घ्यावा. दरपत्रक व आपल्या पत्राची प्रत जोडली आहे. पूर्वी झोपली तेवढ्यात लिहिले, अक्षराबद्दल माफी असावी.

७. तक्रार मात्र अर्जदार देणार नाही. गाडी रोज सकाळी अँटॉप हिलला आईच्या इमारतीखाली चार्जिंगला उभी असते. सातला अभय खाली येतो, आई त्याला तिथेच चहा आणून देते. माणसे पाठवाल तेव्हा त्याचा चहा पिऊन होऊ द्यावा.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
दर्शना विनीत पालव