तारली, अंगठा आणि पुढचा डावा दांडा

सोमवार, ८ जुलै

आजपासून लिहायचं ठरवलं. या घरात माझं कोणी ऐकत नाही. कागद निदान उलट बोलणार नाही.

काल पहाटे डाव्या पायाचा अंगठा सुजला. लालभडक. चादर नुसती टेकली तरी जीव जात होता. कारण उघड आहे. मारियामातेच्या पालखीसाठी घेतलेले नवे काळे बूट परवा दिवसभर घरात घालून हिंडलो, सैल व्हावेत म्हणून. हल्लीचे लेकाचे चामडं शिवतच नाहीत, पुठ्ठा शिवतात. पण देओलिंदाला हे पटलं तर ती माझी बायको कसली. ओढत दवाखान्यात नेलं.

डॉक्टर जुदिते. कालची पोर. अंगठा बघितला, गेल्या महिन्याचा रक्ताचा रिपोर्ट बघितला, युरिक अ‍ॅसिड म्हणाली, आणि विचारलं, खाता काय? मी ताठ बसून सांगितलं. सकाळी पावावर तारली, दुपारी तारली, संध्याकाळी जरा हलकं म्हणून ट्यूना. सगळं डब्यातलं. मासळीच्या फॅक्टरीत डबे सील करायच्या मशीनवर लागलो तेव्हापासून हेच.

तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, डब्यातली तारली फार चांगली. हृदयाला चांगली, ओमेगा-थ्री भरपूर. काट्यांसकट खाता म्हणून हाडांना कॅल्शियम. ड जीवनसत्त्व. मासा लहान, म्हणून पाराही नगण्य. मग म्हणाली, पण.

मी उठलो. कौतुक करून झालं की माणसानं तिथंच थांबावं. बाहेर बाकावर जाऊन बसलो. देओलिंदा आत बसून राहिली, पुष्कळ वेळ. बाहेर आली ती तोंड एवढंसं करून, हातात गोळ्यांची चिठ्ठी. रस्त्यात सुरू झाली, अरे ती म्हणाली की. मी म्हटलं, ती काय म्हणाली ते मी स्वतःच्या कानानं ऐकलंय.

निश्चय: पालखी ४ ऑगस्टला. तोवर ताकद वाढवायची. तारली दुप्पट. डॉक्टरांचाच सल्ला आहे.

बुधवार, १० जुलै

अंगठा तसाच. गोळ्या देओलिंदानं ताटाशेजारी मांडून ठेवल्या होत्या. ज्यांच्या घरी तारली नाही त्यांनी गोळ्या घ्याव्यात. मी कुंडीत टाकल्या.

पालखीचा विचार करतो आणि डोकं तापतं. आठ जण उचलतात, पण सगळे सारखे नाहीत. चर्चपासून बंदरापर्यंत उतार आहे. उतारावर मारियामातेचं सगळं वजन पुढे येतं, आणि वळणावर पुढच्या डाव्या दांड्यावर. तो दांडा माझ्या बापाचा होता. बाप गेल्यावर माझा. लोक बायकापोरं ओळखतात तसा मी त्या दांड्यावरचा खड्डा ओळखतो. तो माझ्याच खांद्याचा आहे.

वजनाचं काही नाही. थांबण्याची चीड येते. वाटेत कोणी आजारी असेल तर त्याच्या दारापुढे पाद्री घंटा वाजवतो, आणि पालखी खांद्यावर घेऊन आम्ही खांबासारखे उभे. चालताना वजन हलतं. उभं राहिलं की खांद्यात घुसतं. गेल्या वर्षी म्हाताऱ्या आदेलिनोच्या दारात थांबलो. हा ब्लँकेट गुंडाळून खुर्चीत, डोळे मिटून, हात जोडून, संपायचं नावच नाही. शेवटी मी दांड्याखालून म्हटलं, आदेलिनो, आटप लवकर, खांदा मोडला. त्यात काय चुकलं? आजारी माणसानं दार लावून घरात पडावं. मी पडलो तर तेच करीन. मातेला ताटकळत ठेवणार नाही.

शनिवार, १३ जुलै

देओलिंदानं डबे आणणं बंद केलं. बाजारातून कोंबडी आणि कोबी घेऊन आली. मी ताट सरकवलं. ती म्हणाली, निदान मिठाचा तरी विचार कर, बीपी आहे तुला. मी म्हटलं, मासा जन्मभर खाऱ्या पाण्यात राहतो, त्याला कुठं बीपी आहे? ती म्हणाली, त्याला बायको नसते. याला उत्तर म्हणत नाहीत.

तिला वाटलं मी हरलो. जिन्याखालचा साठा ती विसरली. फॅक्टरी बंद झाली त्या वर्षीचे शेवटचे डबे. ऑलिव्हच्या तेलातले, माझ्या हातून सील झालेले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ते एकेक करून उलटतो, म्हणजे तेल दोन्ही अंगांना मुरतं. जितकं मुरेल तितका मासा लोण्यासारखा. लिस्बनहून येणारे टुरिस्ट रंगीत खोक्यातले डबे घेऊन जातात. त्यांना हे काय कळणार.

हा साठा मी नातीच्या लग्नासाठी ठेवलाय. एकच फोडला. दोन. लग्नाला अजून खूप वेळ आहे.

सोमवार, १५ जुलै

पोरीनं व्हॉट्सअ‍ॅपवर काहीतरी पाठवलं. डब्याच्या आतल्या अस्तरातली रसायनं म्हणे अन्नात उतरतात. अगं, ते अस्तर मी आयुष्यभर बघितलंय. माझ्या पायावर उतरलं काही? देओलिंदानं माझ्या पायाकडे बघितलं. मी सॉक्स चढवला. चढवताना ओरडलो, ते सॉक्स घट्ट होता म्हणून.

गुरुवार, १८ जुलै

जावई आला. तेल्मो. डोंगरातला. लग्नाआधी यानं समुद्र फक्त कॅलेंडरवर बघितला होता. आता जिममध्ये जातो आणि पालखीला मागच्या उजव्या दांड्याला असतो, म्हणजे कुठेच नसतो. बोलतो एवढा अदबीनं की कानशिलात द्यावीशी वाटते. सेन्योर आबिलियो, पाय कसा आहे? सेन्योर आबिलियो, उशी देऊ?

आल्या आल्या स्वयंपाकघरात जाऊन सोबत आणलेला डबा फोडला. म्हणाला, मीही आठवड्यातून दोनदा तारली खातो, डॉक्टर जुदितेंनीच सांगितलं. मला जरा बरं वाटलं. आणि मग त्यानं डब्यातलं तेल सिंकमध्ये ओतलं. सगळं. मी दारात उभा होतो. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि माझ्या तळपायाला आधीच आग होती.

मी म्हटलं, तेल ओतणाऱ्याला मुलगी दिली हे माहीत असतं तर लग्नात चर्चच्या बाहेर उभा राहिलो असतो. तो म्हणाला, सॉरी, सेन्योर आबिलियो. भांडतसुद्धा नाही मेला.

शनिवार, २० जुलै

सूज उतरली. बोट हलतं. मी म्हणत नव्हतो? बारा दिवस तारली, एक गोळी नाही. डॉक्टर जुदितेला दवाखान्यात जाऊन दाखवायला पाहिजे, पण मी मोठ्या मनाचा आहे.

देओलिंदा म्हणाली, सूज आपली आपण उतरते, आता तरी जप. तिला माझं बरं झालेलं बघवत नाही. आनंदात संध्याकाळी जिन्याखालून चार डबे काढले, खारवलेल्या बारीक मासळीचा एक, आणि थंडगार बिअर. पालखी आता माझी.

रविवार, २१ जुलै

अंगठा. शेजारचं बोटसुद्धा.

बिअर खराब होती.

गुरुवार, २५ जुलै

देओलिंदा रोज सकाळी कॉफी ठेवते आणि म्हणते, ऐक तरी, डॉक्टर पुढे काय म्हणाली ते. मी रेडिओ मोठा करतो. आज रेडिओवर कोणी बाई तारलीबद्दलच सांगत होती. हृदयाला उत्तम, म्हणाली. मी देओलिंदाला हाक मारली. ती येईपर्यंत बाई म्हणाली, मात्र. मी रेडिओ बंद केला.

सगळ्या देशात एक माणूस वाक्य नीट संपवत नाही.

परवा पालखीची तालीम. बूट जात नाही. निश्चय: पाय बुटात जात नसेल तर बूट पायावर आणायचा.

शुक्रवार, २६ जुलै

सुरी घेऊन डाव्या बुटाचं टोक कापलं. गोल, सफाईदार, डब्याचं झाकण काढावं तसं. अंगठा बाहेर मोकळा. काळा सॉक्स घातला की लांबून कळतसुद्धा नाही. देओलिंदानं बघितलं आणि तोंडावर पदर, म्हणजे अ‍ॅप्रन, धरून आत गेली. रडत होती की हसत होती, विचारलं नाही.

शनिवार, २७ जुलै

आज काय झालं ते लिहितो.

तालमीत मातेच्या जागी वाळूची पोती असतात. उचललं. पहिल्या शंभर पावलांत कोणाला शंका आली नाही. उताराला लागलो. वळणावर वजन आलं, माझ्या ओळखीचं वजन, आणि त्याच क्षणी कोणीतरी, नक्की कोणीतरी, माझ्या अंगठ्यावर पाय दिला. गुडघा गेला. पालखी तिरकी झाली आणि एक पोतं धप्पकन रस्त्यावर.

पालखीचा म्होरक्या हेर्मिनियो माझ्याजवळ आला. शाळेपासूनचा दोस्त. ओरडला असता तर मी दोन ठेवून दिल्या असत्या. हळू आवाजात म्हणाला, आबिलियो, त्या पोत्याच्या जागी माता असती तर?

मी म्हटलं, पाय दिला कोणीतरी. तो म्हणाला, तुझ्या पुढे कोणी नव्हतं, आबिलियो. पुढे तूच असतोस.

हेर्मिनियोनं माझा दांडा तेल्मोला दिला. आणि तो दिवटा म्हणतो, मी नाही घेणार, ती सेन्योर आबिलियोंची जागा आहे. सगळ्यांसमोर. हावरटासारखा घेतला असता तर मला त्याचा नीट द्वेष तरी करता आला असता. मी म्हटलं, घे, घे, तेल ओत त्याच्यावरचंही. कोणाला काही कळलं नाही.

घरी येऊन जिन्याखाली बसलो. बापानं मला त्या दांड्याखाली उभं केलं तेव्हा माझा खांदा त्याच्या हातात मावत होता. पाच डबे फोडले.

गुरुवार, १ ऑगस्ट

कोणाशी बोलत नाही. योजना पक्की. रविवारी मिरवणूक आमच्या दारावरून जाईल. मी बूट घालून दारात तयार असेन. पालखी आली की सरळ पुढे व्हायचं, तेल्मोला बाजूला सारायचं, खांदा द्यायचा. एवढ्या लोकांसमोर हेर्मिनियो काय करेल? तोवर ताकद हवी. नाश्त्याला तीन, दुपारी तीन.

रविवार, ४ ऑगस्ट, सकाळ

बूट चढवला. भोक आता लहान पडतंय. दारात खुर्ची टाकून बसलोय. फक्त पालखी येईपर्यंत. देओलिंदानं पायाखाली उशी आणून ठेवली. मी ढकलली. तिनं परत ठेवली. राहू दिली. बँडचा आवाज येतोय.

रविवार, ४ ऑगस्ट, संध्याकाळ

मिरवणूक वळणावर आली. तेल्मो पुढच्या डाव्या दांड्याला. मी खुर्चीचे हात धरले, आता उठायचं. तेवढ्यात पाद्र्यानं घंटा वाजवली.

पालखी थांबली. आमच्या दारापुढे.

मी मागे वळून बघितलं, घरात आजारी कोण आहे म्हणून. घरात कोणी नव्हतं. देओलिंदा माझ्या शेजारी डोकं झाकून उभी होती. सगळा रस्ता माझ्याकडे बघत होता. मी हातानं खूण केली, चला, पुढे व्हा, मी आजारी नाही. लोकांना वाटलं मी मातेला हात करतोय. मग मी उठलोच. उठलो आणि अंगठ्यावर सगळा भार आला, आणि दोन्ही गुडघ्यांवर रस्त्यात कोसळलो. मातेच्या बरोबर समोर.

बायका रडायला लागल्या. पाद्र्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आजाऱ्यांसाठीची सगळी प्रार्थना म्हटली, एक ओळ न गाळता. मला उठता येईना. अंगठा बुटाच्या भोकातून सगळ्या गावाला दिसत होता. वर तेल्मो, मान ताठ, घामानं निथळलेला, खांदा दांड्यावरच्या माझ्या खड्ड्यात बरोबर बसलेला. तो माझ्याकडे न बघता, ओठ न हलवता म्हणाला, सेन्योर आबिलियो, जरा लवकर आटपा, खांदा मोडतोय.

मी हात जोडले आणि डोळे मिटले. दुसरं काय करणार होतो.

रात्री कोबीचं सूप. खाल्लं. देओलिंदाला म्हटलं, सांग एकदाचं, पुढे काय म्हणाली होती डॉक्टर.

ती म्हणाली, काही नाही रे. म्हणाली, या युरिक अ‍ॅसिडवर इतकी मासळी चालायची नाही, मीठही फार होतं. पण तीन आठवडे बंद ठेवा, गोळ्या घ्या, पालखीला पाय धडधाकट असेल. मग आठवड्यातून दोनदा तारली खा खुशाल, जन्मभर.

एवढंच. मी म्हटलं, मग हे आधी नाही का सांगायचं? तिनं रेडिओकडे बघितलं. गोळी आणि पाणी पुढे ठेवलं. घेतली.

आज महिन्याचा पहिला रविवार. डबे उलटायचे राहिले होते, मला जिन्याखाली वाकता येईना. तेल्मो खांद्याला बर्फ बांधून आला आणि वाकून सगळे उलटून गेला. किती कमी झालेत ते त्याला दिसलं असणारच. बोलला नाही मेला.