चावडीवर न वाचलेलं नाव

आत्या, मागच्या पत्रात मी तुला चुकीचं कळवलं होतं. मी लिहिलं होतं की आपल्या मळ्याच्या सातबाऱ्यावर वडिलांच्या शेजारी तुझं नाव अजून आहे, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणजे तू म्हणायचीस ते खरंच होतं. नाव आहे, एवढं बरोबर. पण ते कंसात आहे, हे मी लिहिलं नव्हतं. लपवलं नव्हतं, मला तो कंस महत्त्वाचा वाटला नव्हता. वडील गेल्यावर वारसांची नोंद करायची म्हणून भावानं पलटणीतून पत्र टाकलं, उतारा काढून ठेव. मी तो काढला, आणि तुझं नाव दिसल्यावर बाकीचं नीट पाहिलंच नाही. वाटलं, तू आता हयात नाहीस म्हणून कुणी तरी तशी खूण केली असेल. सांगलीच्या छापखान्यात मी दिवसभर लग्नपत्रिकांची आणि शाळांच्या प्रश्नपत्रिकांची मुद्रितं तपासते. एखादी वेलांटी सुटली तर माधवनगरच्या खोलीवर परत येईपर्यंत ती माझ्या डोक्यातून जात नाही. आणि तुझ्या नावाला दोन्ही बाजूंनी घातलेलं कुंपण मी न वाचता पुढं गेले.

मला ते कळलं चावडीवर. सध्या सगळे सातबारे कॉम्प्युटरवर चढवायचं काम चालू आहे. तालुक्याहून छापलेले कागद गावात आले, एकमेकांना जोडलेले, कडेला भोकांची पट्टी असलेले, आणि कोतवालानं घरोघर सांगितलं की रविवारी वाचन आहे, ज्यानं त्यानं आपलं ऐकून घ्यावं, चूक असेल तर तिथंच बोलावं. त्या रविवारी मी गावी होते. बायकांत मी एकटीच. माणसं ओट्यावर, पायऱ्यांवर, दोघं तिघं मोटारसायकलवर तसेच बसलेले. तलाठी भाऊसाहेब नवा मुलगा आहे, खड्या आवाजात वाचतो. एकाच्या रानापुढं 'पडीक' असं छापून आलं होतं. तो उठलाच. "आवं भाऊसाहेब, डोक्याएवढा ऊस उभा हाय आन् मशीन म्हंतंय पडीक!" पायरीवरचा दुसरा म्हणाला, "मशीनला काय दिसतंय रं? बांधावर घिऊन ये त्येला, च्या पाज." सगळे हसले, भाऊसाहेबही हसले आणि त्यांनी लाल पेनानं दुरुस्ती केली. मग आपला गट आला. त्यांनी वडिलांचं नाव वाचलं. खाली आईचं, भावाचं, माझं वाचलं आणि म्हणाले, "वारस नोंद, प्रलंबित." आणि कागद उलटला.

मी उभी राहिले. मी म्हणाले, "भाऊसाहेब, एक नाव राहिलं." ते मागं आले, बोट ठेवून पाहिलं. "न्हाई राहिलं, ताई. ते कंसात हाय. कंसातलं वाचत न्हाईत." मी विचारलं, का. तेव्हा मागून कुणी तरी बोललं, "कंसात म्हंजी गेल्यालं, मास्तरीन! शाळा हाय व्हय ही?" मी मास्तरीण नाही, पण गावात चष्मा लावणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणणार. मी खाली बसले. पुढचे गट वाचून होईपर्यंत मला एकही शब्द ऐकू आला नाही.

मी का उठले ते तुला कळेल. तूच तशी सवय लावलीस. शाळेत नाव घालायच्या आधी तू मला स्वयंपाकघरात अक्षरं शिकवलीस, परातीत पीठ पसरून, माझं बोट धरून. लिहून झालं की त्याच पिठाची भाकरी. आई म्हणायची, पोरगी आज 'ळ' खाऊन झोपली. मला वाचता यायला लागल्यावर तू शेजारच्या काकूंना त्यांच्या नवऱ्याचं पत्र माझ्याकडून वाचून घ्यायला सांगितलंस. तो फौजेत, कुठं तरी बर्फात होता. पत्रात होतं की या साली रजा मिळत नाही. काकूंचं तोंड बघून मी ती ओळ गाळली आणि पुढचं वाचलं. तू चुलीपाशी पाठ करून बसली होतीस. तिथूनच म्हणालीस, "मागं जा." मी पत्राची घडी घालायला लागले. तू उठून आलीस, पत्र हातात न घेता माझ्यासमोर बसलीस. "लिवलंय त्ये वाच. तुला बरं वाटंल त्ये न्हाई." मी ती ओळ वाचली, काकू रडल्या, मला तुझा राग आला. नंतर तू एवढंच म्हणालीस की त्या आता वाट तरी बघणार नाहीत.

लोक पांगल्यावर भाऊसाहेबांनी मला आत बोलावलं. त्यांना वाईट वाटलं असावं. त्यांनी जुना हातानं लिहिलेला सातबारा काढला आणि छापलेल्या कागदाशेजारी ठेवला. जुन्यावर आमची तिघांची नावं पेन्सिलीनं लिहिलेली होती, इतकी फिकट की खिडकीकडं धरावं लागलं. "नोंद घातली की आदी पेन्सिलीनं," ते म्हणाले. "हरकतीची मुदत जाती, मंडल अधिकारी सायेब यिऊन सही करत्यात, मग शाई. मशीनमदी पेन्सिल न्हाई, म्हून तिथं प्रलंबित छापतंया." आणि कंस? "ज्येचा हक्क गेला त्येला कंस. खोडायचं न्हाई, फक्त कंस करायचा. कवा तरी हुतं, एवढं दिसाय पायजे." मी विचारलं, मेल्यावर कंस करतात का. ते म्हणाले, मेल्यावरही करतात, दिल्यावरही करतात, शेजारच्या गोलातला नंबर बघायचा. मग त्यांनी तो नंबर फेरफाराच्या वहीत काढून दाखवला. आजोबा गेल्यावर तुझं आणि वडिलांचं नाव लागलं, ती एक नोंद. तिच्या लगेच खालची नोंद हक्कसोडीची. बहिणीनं राजीखुशीनं भावाला हक्क सोडला. दोन्हींवर मंडल अधिकाऱ्याची एकाच दिवसाची सही. आणि तुझी सही, आत्या. ती तुझीच होती, मी दुसऱ्या कुणाची समजूच शकत नाही. सगळी अक्षरं आधी आणि वरची रेघ शेवटी, एका ओढीत, थोडी उजवीकडं उतरलेली. मीही तशीच काढते.

म्हणजे तू शाईत होतीस ती एक दुपार.

तेव्हापासून मी एकच गोष्ट मनात उलटसुलट करते आहे. तुला ठाऊक होतं का? नवरा गेल्यावर तू माहेरी परत आलीस त्याला तेव्हा वर्ष झालं नव्हतं. साहेब आले असतील, ओट्यावर सतरंजी टाकली असेल, वडिलांनी म्हटलं असेल, आक्का, इथं सही कर, आणि इथं. गावात सही येणारी तू एकटी बाई. तू वाचल्याशिवाय सही केलीस, हे मला पटत नाही. आणि वाचून केलीस, असं मानलं, तर मग नंतर इतकी वर्षं तू काय म्हणत होतीस? आईशी भांडण झालं की तू भांडं खाली ठेवून शांतपणे म्हणायचीस, "माजं नाव हाय उताऱ्याला. मी कुनाच्या तुकड्यावर न्हाई." ऊस तोडायला टोळी आली की बांधावरचं लिंबाचं झाड तोडू नका म्हणून तू उन्हात उभी राहायचीस, आणि वडील टोळीला सांगायचे, आक्काचं ऐका. मला वाटायचं, ते तुझ्या नावाला घाबरतात. आता वाटतं, ते तुला जपत होते, की त्यांना स्वतःची लाज वाटत होती? दोन्ही असेल. त्यांनाही आता विचारता येत नाही.

एक दिवस मात्र मला सारखा आठवतो. विहिरीवर मोटार बसवायची होती. विजेच्या जोडणीला सगळ्या खातेदारांच्या संमतीच्या सह्या लागतात, असं वडील जेवताना सांगत होते. तू भाकरी थापत होतीस. हात न थांबवता तू म्हणालीस, "मग माजी कवा घेतोस?" वडील ताटाकडं बघत म्हणाले, "तू कशाला तरास घितीस, आक्का. माजी चालती." मी समोर बसले आहे, मला वाटतं आहे, बरं झालं, आत्याला कराडच्या वीजकचेरीत खेटे नकोत. तू पुढची भाकरी तव्यावर टाकलीस. ती करपली. तुझ्या हातची भाकरी करपलेली मी दुसऱ्यांदा कधी पाहिली नाही. त्यानंतर तू 'माझं नाव उताऱ्याला आहे' हे म्हणालीस का? मी फार आठवून पाहते. मला वाटतं, नाही म्हणालीस. लिंबाचं झाड पुढच्या हंगामात तोडलं. तू घरातच होतीस.

मी आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. "आत्याला ठाऊक होतं का गं?" ती खडे वेचत राहिली. "आमी कुनी सांगितलं न्हाई. त्यांनी इचारलं न्हाई. एकदा इचारलं, मोटारीच्या येळंला. मग न्हाई." मी म्हटलं, तू तेव्हा काही बोलली नाहीस? आई म्हणाली, "माजं तरी कुठं नाव हुतं बाई, बोलायला?" आणि सूप घेऊन पाखडायला बाहेर गेली.

आता आमच्या नोंदीचं. भाऊ रजेवर येतो आहे. त्यानं सगळं ठरवलं आहे, आणि तो वाईट नाही, हे तुला मी सांगायला नको, तूच त्याला खांद्यावर घेऊन फिरलीस. पलटणीजवळच्या बूथवरून त्यानं शेजाऱ्यांच्या फोनवर मला बोलावून घेतलं. "ताई, मंडल अधिकारी यायचं हायेत, एका फेरीत दोन्ही कामं करू. आदी वारस नोंद, मग तुजा हक्कसोडीचा कागद. तुजी सही, झालं." मी म्हटलं, दुसरी नोंद त्याच दिवशी कशाला? तो हसला. "आगं सगळ्यांच्या बहिनी करत्यात. तुजं लगीन मी करनार, दिवाळीला साडी मी आननार. कागदानं माहेर तुटतंय व्हय?" मग थोडा थांबून म्हणाला, "नाव ठिवलं तर मात्र लोक म्हंतील, बहिनीनं वाटा मागितला." त्याला मिनिटांचे पैसे पडत होते. मागं कुणी तरी ओरडत होतं. तो म्हणाला, "ताई, ऐकतीस न्हवं?" मी हो म्हटलं. ऐकते आहे, अशा अर्थानं म्हटलं होतं. त्यानं तो होकार धरला, आणि मी तो दुरुस्त केला नाही.

मला जमिनीचं काही करायचं नाही, आत्या. मला ऊस लावता येत नाही, मळ्यात घर बांधायचं नाही. भावाच्या मुलाबाळांनी ती खावी, यात मला दुःख नाही. पण माझं नाव आज पेन्सिलीत आहे आणि ते तिथून सरळ कंसात जाईल, मध्ये एक दुपार. पुढच्या वेळी चावडीवर वाचन होईल तेव्हा भाऊसाहेब माझ्यावरून बोट पुढं सरकवतील, आणि उठून विचारायला कुणी नसेल. या विचारानं मला छापखान्यात मुद्रितं तपासता येत नाहीत. काल एका पत्रिकेत वधूच्या आईचं नाव गळलं होतं, ते मला दिसलंच नाही, मालकांनी दाखवलं. काही बदलेल असं मला वाटत नाही. मी सही केली नाही तर भाऊ दुखावेल, आई माझ्याशी बोलणं टाकेल, आणि माहेर म्हणून जायला जागा राहणार नाही. सही केली तर जागा राहील, आणि मी तिथं तुझ्यासारखी भाकरी थापत बसेन. दोन्हीकडं मला तूच दिसतेस, आणि कुठंही तू मला काय सांगतेस ते ऐकू येत नाही.

तरी मी एवढं करायचं म्हणते. साहेबांसमोर वारस नोंदीच्या जबाबावर सही करायची आणि दुसरा कागद पुढं आला की हात मागं घ्यायचा. म्हणायचं, हा आज नको. भावाला हे मी अजून सांगितलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर, तो समोर बसून "ताई" म्हणाला की माझा हात मागं राहील, याची मला खात्री नाही. मंडल अधिकारी पाडव्यानंतरच्या पहिल्या सोमवारी चावडीवर येणार आहेत. मी आदल्या संध्याकाळच्या गाडीनं निघेन. जे करायचं ते त्या सोमवारी.